फेरफार : टायटलच्या नोंदी

२ डिसेंबर

आमच्या छोट्या भीतीच्या फिल्मचं शूटिंग परवा संपलं. कच्ची जोडणी तेवीस मिनिटांची झाली आहे, ती अठरावर आणायची. टायटल, म्हणजे सुरुवातीची नावं, माझ्या गळ्यात आलं, कारण गावात कॉम्प्युटर माझ्याकडे आणि लग्नाचे व्हिडिओही मीच करतो. दिवसा दुकानात सातबारे, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज. रात्री नवरदेवाची एन्ट्री.

गोष्ट इथं दोन ओळींत टिपून ठेवतो. पुण्याला कंपनीत असलेला पोरगा दिवाळीला घाटंजी तालुक्यातल्या आपल्या गावी येतो, पीककर्जासाठी सातबारा काढतो, तर त्याचं नाव कंसात. फेरफार (जमिनीवरचं नाव बदललं की होते ती नोंद) पाहतो तर कारण लिहिलेलं : मयत. तिथून पुढच्या दोन रात्री म्हणजे आमची फिल्म. नाव ‘फेरफार’.

आज दीड तासात पहिलं टायटल उरकलं. काळा पडदा, लाल अक्षरं, अक्षरांतून रक्त ओघळतं, मागं वीज कडाडते. टेम्प्लेट लग्नाच्या पॅकमधलंच, सोनेरीचं लाल केलं. मावसभावानं (कॅमेरा त्याचा) पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हे तं बर्फगोल्याच्या गाड्यावरचं लाल सरबत वाटून रायलं.”

डिलीट.

५ डिसेंबर

तीन रात्री फक्त सुरुवाती पाहिल्या. पिक्चर पुढं पाहायचा नाही, नावं संपली की बंद. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडं पाठ करून फक्त आवाज. ही युक्ती लग्नाच्या कामातून आली, गाणं बदललं की तीच वरात वेगळी दिसते.

‘सायको’, १९६०. दिग्दर्शक हिचकॉक, टायटल सोल बासचं. करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या धावतात, नावं मधोमध चिरतात, जुळतात, परत चिरतात. आवाज बंद केला तर सिमेंटची जाहिरात वाटावी. आवाज लावला की मानेवर काटा. बर्नार्ड हर्मनचं संगीत आहे आणि त्यात फक्त तंतुवाद्यं. ढोल नाही, तुतारी नाही. भीतीसाठी ढोल लागतो ही माझी समजूत तिथंच गेली.

‘सेव्हन’, १९९५. काईल कूपरनं केलेलं. हे उलटं : आवाज बंद केला तरी पोटात गोळा येतो. कोणीतरी वह्या शिवतंय, ब्लेडनं बोटांची कातडी सोलतंय, पानांवर बारीक अक्षर. चेहरा नाही, फक्त हात. नावं हातानं खरवडलेली आणि ती जागेवर थरथरतात. कोणी मारत नाही, कोणी मरत नाही, माणूस निवांत आपलं काम करतो आहे. त्याचं ते निवांतपणच सहन होत नाही. आणखी एक गोष्ट (पिक्चर पाहायचा राहिला असेल त्यानं पुढचं वाक्य सोडावं) : जो खुनी आहे त्या नटाचं, केविन स्पेसीचं, नाव सुरुवातीला येतच नाही. शेवटी येतं. शेवटची नावंही वरून खाली सरकतात, नेहमीच्या उलट.

‘द शायनिंग’, १९८०. एक पिवळी छोटी गाडी डोंगरातून चालली आहे, कॅमेरा वरून मागं मागं. उजेड आहे, तळं आहे, सगळं देखणं. मग भीती कशाची? दोनदा पाहिल्यावर कळलं. नावं खालून वर सरकतात, जशी पिक्चर संपल्यावर सरकतात. सुरुवात होतानाच संपल्यासारखं. आणि कॅमेरा मधेच गाडीला सोडून आपल्याच वाटेनं दरीकडं निघून जातो. म्हणजे जो पाहतो आहे त्याला गाडीशी काही देणंघेणं नाही.

संगीतात एक जुनी लॅटिन धून आहे, ‘दिएस इरे’, मयताच्या प्रार्थनेतली. वेंडी कार्लोस आणि रेचल एल्किंड यांनी ती सिंथेसायझरवर वाजवली. तिकडच्या लोकांच्या कानात ती शेकडो वर्षं बसलेली, म्हणून त्यांना न कळता कळते. आमच्या गावात कोणाला कळणार? इथं त्याच्या जागी काय? डफडं म्हणावं तर ते लग्नातही वाजतं.

हा प्रश्न वहीत वेगळा काढून ठेवला.

८ डिसेंबर

सोल बासची नक्कल देवनागरीत करून पाहिली. नावाचे आडवे तीन तुकडे करायचे, मधला तुकडा डावीकडं सरकवायचा. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, चिरली तरी दिमाखात चिरतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. वरचा तुकडा हलला की वेलांट्या, मात्रा, अनुस्वार सगळं गळून भलत्याच अक्षरावर बसतं. ‘दिग्दर्शक’चं जे झालं ते इथं लिहीत नाही, आई ही वही वाचते.

खरी अडचण निराळीच. मोडकी देवनागरी पाहून आमच्याकडं कोणी घाबरत नाही. दाखल्यावर, पावतीवर, नोटिशीवर फॉन्ट फुटून काना एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं हे लोक रोज पाहतात. मावसभाऊ म्हणाला, “फॉन्ट नाही काय बे टाकला?” संपलं.

११ डिसेंबर

ड्रोन. लग्नाच्या सीझनमधला, अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं. विचार असा की शायनिंगसारखं कॅनॉलच्या रस्त्यानं एक मोटरसायकल आणि वरून आपण. पऱ्हाटी फुटलेली, दोन्ही अंगांनी पांढरं, ऊन कोवळं. दिसलं कसं? बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरसारखं. त्यात वेचणीच्या बाया मान वर करून हात हलवत होत्या. पैसे गेले.

१४ डिसेंबर

आजची नोंद लांब होणार.

आवाज गोळा करायला रात्री मावसभावाच्या वावरात गेलो. त्याची जागल होती, हरभऱ्यात डुकरं उतरतात. या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची, त्यामुळं बाराला मोटर सुरू करायची ती वेगळी. टिपेश्वरचं जंगल फार लांब नाही, वाघाचे पगमार्क मागच्या महिन्यात पांदणीत दिसले होते. टॉर्च असूनही आम्ही दोघं अगदी लागून बसलो होतो, हे कबूल करतो.

रेकॉर्डर सुरू केला, हेडफोन लावला. आधी वाटलं होतं पिंगळा, कोल्हे, वारा असं काही मिळेल. मिळालंही. पण हे आवाज प्रत्येक भुताच्या सीरियलमध्ये असतात, कान त्यांना ओळखून बाजूला सारतो. मग त्या सगळ्याखाली एक आवाज ऐकू आला जो मी जन्मभर ऐकतो आहे आणि कधी ऐकला नाही.

टक. टक. टक.

झटका मशीन. धुऱ्यावर तार ओढलेली, बॅटरीवर डब्बा, तो ठरावीक अंतरानं तारेत झटका सोडतो. जनावर लागलं तर उडून मागं जातं, मरत नाही. (थेट लाईन सोडणारे वेगळे. त्यात रानातली जनावरं गेली, वाघ गेले, माणसंही गेली. ते इथं नको.) घड्याळ लावून मोजलं, आमच्या डब्ब्याचा ठोका सव्वा सेकंदाला एक. पाच मिनिटं ऐकलं तर झोप यायला लागली. इतका विश्वासाचा आवाज, टक आहे म्हणजे तार चालू आहे, म्हणजे पीक सलामत.

आणि तेवढ्यात एक टक आला नाही.

काही नव्हतं. बॅटरीची चिमटी ढिली होती, पुढच्या ठोक्याला परत सुरू. पण त्या अडीच सेकंदांत आम्ही दोघंही उभे राहिलो होतो. कोणी बोललं नाही. मावसभावानं टॉर्च लावला तो डब्ब्याकडं नाही, तुरीकडं.

रेकॉर्डिंग आहे. दुकानात येऊन पंधरावीस वेळा ऐकलं. आवाज वाढवून कोणी दचकेल, पण उभं कोणी राहणार नाही. आधी कानाला सवय लावायची आणि मग ती सवय अर्ध्यावर सोडून द्यायची.

१५ डिसेंबर

झोपलो. दिवसभर दुकान बंद.

१९ डिसेंबर

आवाज मिळाला, चित्र नाही, आणि ते दुकानातच सापडलं.

सकाळी एक आजोबा आले. सातबारा काढून दिला, डिजिटल सहीचा, सरकारी फी १५ रुपये. चष्मा नव्हता. त्यांनी कागद उन्हात धरला आणि बोट फिरवायला लागले. मी म्हटलं वाचून देऊ काय? “वाचाचं काय हाय त्याच्यात. कंस पाहून रायलो.” बोट खातेदारांच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत गेलं, मग सुस्कारा सोडून कागद घडी करून खिशात. निघाले.

पाचव्या तारखेच्या नोंदीत जो प्रश्न वेगळा काढला होता त्याचं उत्तर खिशात घालून आजोबा माझ्यासमोरून निघून गेले.

कंस. गाव नमुना सातवर ज्याचा हक्क गेला त्याचं नाव कंसात जातं. विकलं, वाटणी झाली, मेला, कारण कोणतंही असो. इथं लहानथोर सगळ्यांना ही खूण कळते, शाळेत न गेलेल्यालाही. व्याकरणातला कंस कोणाला आठवत नाही, सातबाऱ्यावरचा आठवतो. (आणि शब्दातच मामा बसलेला आहे, तो सोडून द्या.) तर टायटल असं : नटांची, तंत्रज्ञांची नावं खातेदारांसारखी एकाखाली एक लिहिलेली येणार, आणि प्रत्येक नाव वाचून होतं न होतं तोच त्याला कंस लागणार.

रक्त नाही. वीज नाही. फक्त शाईचा पेन.

२३ डिसेंबर

कॉम्प्युटरच्या अक्षरात हे होणार नाही हे पहिल्याच प्रयत्नात कळलं. हाताचं अक्षर पाहिजे आणि तेही जुन्या दप्तरातलं. गावात रिटायर झालेले तलाठी काकाजी आहेत (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काकाजींना हे नाव मान्य नाही). त्यांच्याकडं गेलो. आधी संशय. “सरकारी कागदासारखा कागद बनवाचा नाही बरं बापू, आतमधी जाशीन.” कोरा फिकट कागद दाखवला, शिक्का नाही, रकाने नाहीत, गावाचं नाव नाही, तेव्हा बसले.

त्यांनी पेन धुतला, शाई भरली, निब वर्तमानपत्रावर चालवून पाहिली. चौदा नावं लिहिली. अक्षर गोल, टपोरं, ओळ जराही वाकडी नाही. प्रत्येक नावापुढं फेरफाराचा नंबर गोलात, बनावट. मग कंसाची वेळ आली तेव्हा थांबले.

“खोडाचं नाही. खोडलं की कागद खराब होते. कंसातलं नाव वाचता आलं पाहिजे, पण मोजाचं नाही.”

हे वाक्य मी फिल्मच्या पहिल्या सीनमध्ये कोंबायचा विचार केला, मग सोडला. हे टायटलनं न बोलता सांगायचं आहे.

शूटिंग : मोबाईल वरून उलटा टांगला, दोन खुर्च्यांवर आडवी काठी. उजेड खिडकीचा, सकाळी नऊ ते साडेदहा. निब कागदाला टेकताना शाईचा बारीक थेंब फुगतो आणि मग रेघ धावते, ते जवळून पाहताना मलाच गुदगुल्यांसारखी भीती वाटली. काकाजींचा हात म्हातारपणानं किंचित हलतो. ‘सेव्हन’मधली थरथर मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो होतो.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. फिल्मचं नाव लिहिताना त्यांनी शाळेत शिकवतात तसं आधी अक्षरं काढली, ‘फेरफार’, बिनरेघेची, आणि शेवटी वरून एक रेघ ओढणार होते. मी ओरडलो, थांबा जी! शब्द पुरा करणारी रेघ आणि शब्द खोडणारी रेघ एकच असते आपल्याकडं, फक्त बोटभर खाली आली पाहिजे. दुसऱ्या कागदावर परत लिहून घेतलं. पेन डावीकडून येतो, प्रेक्षकाला वाटतं आता शिरोरेषा देणार, आणि तो अक्षरांच्या पोटातून जातो.

काकाजी म्हणाले, “हे मले पटलं नाही, पण चांगलं झालं.”

२८ डिसेंबर

मोजमाप.

ठोका सव्वा सेकंदाचा, म्हणून एका नावाला चार ठोके, पाच सेकंद. पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं सव्वाशे फ्रेम. पहिल्या ठोक्याला नाव दिसतं. दुसरा मोकळा, वाचायला. तिसऱ्याला डावा कंस, चौथ्याला उजवा. चौदा नावं म्हणजे सत्तर सेकंद. आधी आठ सेकंद काळा पडदा आणि नुसता रात्रीचा वारा, शेवटी फिल्मच्या नावाला दहा. एकूण एक मिनिट अठ्ठावीस सेकंद.

पहिली आठ नावं घड्याळासारखी. नवव्या नावाला चौथा टक काढून टाकला. कंस मात्र लागतो, आवाज न करता. दहाव्यापासून परत सुरळीत. पुन्हा कुठंच चुकवायचा नाही, हे स्वतःला तीनदा बजावलं, कारण हात शिवशिवतो. एकदा चुकला की पुढच्या प्रत्येक ठोक्याला माणूस आपणहून वाट पाहत बसतो.

चौदावं नाव हिरोचं. त्याला फक्त डावा कंस. उजवा लागतच नाही, थेट फिल्मचं नाव.

संगीत नाही. पोरं म्हणत होती कमीत कमी एक बारीक बासरी तरी टाक. नाही.

३ जानेवारी

भानगड. हिरोच्या काकूचं काम मोठी मायनं केलं आहे (माझी खरीच मोठी माय). तिला टायटल दाखवलं. सहावं नाव तिचं. पेन डावा कंस काढायला लागला तशी ती खुर्चीतून उठली.

“काहून रे? मले काहून कंस लावला?”

“मोठी माय, पिक्चर आहे व तो. सगळ्यांनाच लावला.”

“सगळ्यांले लाव. मी जितीजागती हाओ. तुह्या मोठ्याबाबाच्या माघारी चार वर्स चकरा मारल्या तवा माहं नाव चढलं कागदावर. ते तू पाच मिनिटात कंसात घालतं?”

पाच सेकंदांत, हे मी बोललो नाही. आणि हसूही आलं नाही. चार वर्षं खरी होती, दोन चकरांना मी तिच्यासोबत होतो. बारसं, लग्न, मयत, सगळ्यात पुढं असणारी ही बाई आजपर्यंत कशाला भ्यालेली मी पाहिली नाही, ती कागदावरच्या दोन वाकड्या रेघांना भ्याली. टायटल जमलं याचा मला मिळालेला पहिला पुरावा हाच, आणि तो मला वापरता येणार नव्हता.

तिचा कंस काढला. चारही ठोके आहेत, नाव तसंच मोकळं. नक्षीत भोक पडल्यासारखं दिसतं. चरफडत एक्सपोर्ट केलं.

१२ जानेवारी

सहा जणांना दुकानात दाखवलं, शटर अर्धं ओढून. दोघांनी मोबाईल पाहिला. एकानं नवव्या नावाला मान वर केली, का ते त्याला सांगता आलं नाही. बाकी तिघांनी पिक्चर संपल्यावर एकच विचारलं : काकूच आहे ना सगळ्याच्या मागं?

काकूचा गोष्टीत काहीच हात नाही. ती दोन सीनमध्ये चहा देते आणि एकदा दार लावते.

रात्री परत पाहिलं तेव्हा लक्षात आलं. तेरा नावांना कंस लागला किंवा लागायला आला, एक मोकळं राहिलं. मग वावर कोणाचं झालं? सातबारा वाचणारा माणूस हा हिशेब न विचारता करतो. ‘सेव्हन’मध्ये एक नाव गाळून जे केलं ते इथं एक नाव ठेवून झालं, आणि तेही मोठी मायच्या रागामुळं. आता ती दार लावते तेव्हा लोक तिचा हात पाहतात. चहाचा कपही पाहतात. काही बदलायचं नाही.

२६ जानेवारी

ग्रामपंचायतीसमोर पांढरा कपडा बांधून दाखवली, शाळेच्या पोरांच्या नाचांनंतर. मला एकच धास्ती होती. गावात टायटल म्हणजे ओळखीची नावं, आणि ओळखीचं नाव दिसलं की शिट्टी. कितीही बारकाईनं भीती विणा, “ओऽऽ भाऊ!” आलं की गेली.

तसंच झालं. पहिलं नाव, शिट्ट्या. कंस लागला, हशा. “गेला बे!” दुसरं नाव, शिट्ट्या, “हाही गेला!” मी प्रोजेक्टरजवळ डोकं धरून उभा. तिसऱ्याला शिट्टी आली पण हसू अर्धवट. चौथ्याला शिट्टी वाजवणाऱ्याचाच बाप पडद्यावर होता (दिवाबत्ती त्यांनी केली), कंस लागताना पोरगा गप्प झाला. पाचव्याला कोणीच नाही. सहाव्याला, मोठी मायच्या मोकळ्या नावाला, बायकांच्या बाजूनं हळूच कोणीतरी म्हणालं, “हिचं राह्यलं पाय.”

नवव्याला टक आला नाही तेव्हा माझ्या पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं. माझ्याकडं नाही. वावराकडं.

२७ जानेवारी

राहिलेलं काम : गावच्या स्पीकरवर वाऱ्याचा आवाज फार घोगरा आला, तो कमी करणे. तेराव्या नावात ‘संकलन’चा अनुस्वार कापला गेला आहे, चौकट सरकवणे. काकाजींचं नाव अक्षरलेखनाला द्यायचं राहून गेलं, त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की दिलं तर बिनकंसाचं द्या, नाहीतर देऊ नका. म्हणजे शेवटी द्यावं लागेल.

सकाळपासून दुकानात सातबाऱ्याला अकरा जण आले. कर्जाचा हंगाम नाही. काय काम म्हणून विचारलं तर म्हणतात, सहज.

दुपारी मोठी माय आली. पिशवी खाली ठेवली, बसली नाही.

“लावून टाक बापा माह्या नावालेही कंस. सकाळपासून नळावर सारं गाव मलेच चोर म्हणून रायलं.”

चहा मागवला. कंस नाही लावला.